दुखायच्या आधीची घंटा

मी गजराचं घड्याळ बोलतोय. जरा मोठ्यानं बोललो तर रागावू नका, हळू बोलायची सोयच माझ्यात ठेवलेली नाही. डोक्यावर दोन वाट्या, मध्ये एक हातोडी आणि पाठीला दोन किल्ल्या, एक चालायची, एक ओरडायची. रंग हिरवा होता. जिथे जिथे बोटं लागली तिथे आता पत्रा उघडा पडलाय. चालत होतो तेव्हा दिवसाला चार मिनिटं पुढे पळायचो, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मागे राहणाऱ्यापेक्षा पुढे पळणारा बरा.

मला यवतमाळच्या बाजारातून मारोतरावांनी आणलं. मारेगाव तालुक्यातल्या एका लहान गावचा हा शेतकरी माणूस. चार एकर काळं वावर, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि मधेमधे तूर. त्यांचा मुलगा अमर तेव्हा दहावीला होता. पहाटे उठून अभ्यास करायचा म्हणून माझी नेमणूक झाली. मी पाचला जीव तोडून ओरडायचो, अमर माझ्या डोक्यावर एक चापट हाणायचा आणि पुन्हा पांघरुणात. उठायची ती त्याची आई, इंदूबाई. ती चहा ठेवायची, त्याला हलवायची, पुस्तक त्याच्या हातात द्यायची. अमर पास झाला. पेढे वाटले. मला कोणी साधं पुसलंसुद्धा नाही.

पुढे अमर यवतमाळला गेला, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. घरात मोबाईल आले. मी आधी धान्याच्या कोठीवर, मग पत्र्याच्या पेटीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या खाली. किती वर्षं गेली? दहा-बारा तरी. पेटीत पडलेल्या घड्याळाला वर्षं मोजता येत नाहीत.

इंदूबाई पडली तेव्हा मी पेटीतच होतो. कापूस गाडीत भरताना तुडवावा लागतो, नाहीतर गाडीत मावत नाही. ती वर चढून कापूस तुडवत होती. पाय घसरला आणि बाई पाठीवर खाली आली. त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही, एवढं मला पेटीतून कळलं.

मग डॉक्टर झाले, फोटो झाले, पट्टा झाला, कुणाचं तेल, कुणाची मालिश. दीड वर्षानं यवतमाळच्या एका डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की हाडाला धोका नाही, ऑपरेशन नको, पण दुखणं राहील. कमी-जास्त होईल, साफ जाणार नाही. मारोतरावांना हे पटेना. डॉक्टरकडे गेलं की रोग जातो, नाहीतर माणूस जातो, एवढंच त्यांना ठाऊक. न जाणारं आणि न मारणारं दुखणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि दिसत तरी काय होतं? इंदूबाई म्हणायची, "पाय मोडला असता तं पलस्तर दिसलं असतं. माह्यं कोणाले काहीच दिसत नाई."

त्याच दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या निशिगंधा मॅडम होत्या. त्यांचं बोलणं इंदूबाईनं घरी इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालंय.

"इंदूबाई, काम करताना तुम्ही थांबता कधी?"

"दुखलं का थांबाच लागते नं."

"तिथंच चुकतं. दुखायच्या आधी थांबायचं."

"आता घ्या! दुखायच्या आधी कसं मालूम पडन मॅडम? दुखणं का चिठ्ठी पाठवून येते?"

"नाही ना? म्हणूनच घड्याळ लावायचं. अर्धा तास काम, दहा मिनिटं आडवं. बरं वाटत असलं तरी आडवं. बरं वाटत असेल तेव्हा तर नक्कीच. बऱ्या दिवशी तुम्ही आठ दिवसांचं काम उरकायला जाता आणि मग आठ दिवस झोपून काढता."

अमरनं मोबाईलमध्ये गजर लावून दिला. पण बोंडांच्या टोकांनी चिरून चिरून इंदूबाईच्या बोटांना घट्टे पडलेले, काच त्या बोटांना दाद देईना. वर तो गजर म्हणजे एक गोड गाणं. "हे गाणं म्हणून राह्यलं, याच्यानं का माणूस बसते?" असं म्हणत तिनं पेटी उघडली, लग्नपत्रिका बाजूला सारल्या आणि मला उचललं. पदरानं पुसलं. किल्ली दिली. मी टिकटिक सुरू केली तेव्हा बाई हसली, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

पण काम कसलं दिलं, ते पाहा! माणसांना उठवायला माझा जन्म. आणि ही बाई मला तिला निजवायच्या कामाला लावते! पहिले दोन दिवस मी फुगून होतो. मग लक्षात आलं की उठवणं सोपं आहे. चांगल्या कामात रंगलेल्या बाईला खाली बसवणं, त्याला खरा आवाज लागतो. तो माझ्याकडे होता.

घर माझ्या इशाऱ्यावर चालू लागलं. अर्धं अंगण सकाळी, अर्धं चहानंतर. सहा पोळ्या लाटल्या की टर्रर्र, बाई चटईवर, गुडघ्याखाली उशी. उरलेल्या पोळ्या दहा मिनिटांनी. पाण्याचा गुंड, म्हणजे मोठा हंडा, तिनं उचलायचा नाही, गडव्यागडव्यानं, तांब्यातांब्यानं भरायचा. पुढे मारोतरावच गुंड उचलायला लागले, पण कुरकुरत. "घर हाय का रेल्वे ठेसन? दर अर्ध्या घंट्यानं गाडी!" शेजारणी डोकावून जायच्या. दर वेळी उठताना ती माझा गजराचा काटा अर्धा तास पुढे सरकवायची. तो काटा काही फार नेमका नाही, पाच मिनिटं इकडे-तिकडे व्हायचीच. पण इंदूबाईनं तक्रार केली नाही. दोन महिन्यांत ती खाटेवर पडली ती फक्त दोनदा. आधी दर आठवड्याला पडायची.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगतो. माझी म्हणजे आम्हा दोघांची.

वेचणीचा पहिला दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी सीतादही करतात. वावरात पाच खडे मांडून त्यांना हळद-कुंकू, दहीभाताचा नैवेद्य, मग घरधनीण पहिली बोंडं वेचते आणि बाकीच्या बाया मागून ओळी धरतात. इंदूबाईनं मला पिशवीत घालून नेलं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, निंबाखाली ठेवलं. पूजा झाली. बायांनी कमरेला ओट्या बांधल्या. लुगड्याच्या या झोळीत वेचलेला कापूस टाकत जायचा, आणि ती भरली की सगळा भार कमरेवर.

शेजारच्या ओळीत विमलताई होती. टोळीची म्होरकी. दोघी एकाच साली या गावात सुना म्हणून आलेल्या, तेव्हापासून शेजारी शेजारी वेचणाऱ्या. मी अर्ध्या तासानं ओरडलो. इंदूबाई ओटी सोडून हातात घेत धुऱ्याकडे आली आणि बसली.

विमलताईनं हात थांबवला. "इंदे, दुखून राह्यलं का वं?"

"नाई. आता नाई दुखत."

"मंग बसली काहून?"

झालं! या प्रश्नाला त्या वावरात उत्तर नव्हतं. तिथे बसायला कारण लागतं. पाणी प्यायचंय, काटा मोडलाय, नाहीतर कण्हत तरी यायला पाहिजे. न दुखता बसली ती कामचोर. इंदूबाईला आयुष्यात पुष्कळ काही म्हटलं गेलं असेल, पण हे कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या तोंडावर रक्त चढलं. ती माझ्याकडे वळली, ओटीतला मूठभर कापूस घेतला आणि माझ्या हातोडीच्या आणि वाटीच्या मध्ये कोंबला. म्हणजे माझं तोंडच बंद केलं की हो! त्याच वावरातल्या कापसानं!

त्या दिवशी तिला बरं वाटत होतं, हेच वाईट झालं. दिवसभर ती थांबली नाही. हसत होती, जुन्या गोष्टी काढत होती. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस अडतीस किलो भरला, विमलताईहून एक किलो जास्त. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी निंबाखाली गुदमरून पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. नऊ दिवस उठली नाही. मारोतराव तिला धरून न्हाणीपर्यंत न्यायचे, धरून आणायचे. कूस बदलायची म्हटली की दात आवळायची. एका दुपारी ती भिंतीकडे तोंड करून रडली. दुखतं म्हणून नव्हे, आपल्याच हातानं केलं म्हणून. मी समोरच्या फळीवर होतो. मलाही रडावंसं वाटत होतं, पण घड्याळाला तेवढं एकच येत नाही.

नवव्या दिवशी मारोतराव खाटेजवळ बसले. "आयक. बाजूच्या तांड्यावरचा उत्तमसिंग वावर मक्त्यानं मागून राह्यला. चांगला माणूस हाय. पाडव्यापासून देऊन टाकू त्याले. तू घरी आराम कर."

मक्त्यानं म्हणजे वर्षाच्या ठरावानं दुसऱ्याला कसायला. वावर आपलं, पण पाय ठेवायचा तो पाहुण्यासारखा.

इंदूबाई म्हणाली, "वावरात गेली तं मी इंदू असतो, तिथं मले दुखते. घरात बसली तं मी निसतं दुखणंच होऊन जाईन. मंग लोक घरी येतीन ते माह्याकडं नाई, दुखण्याकडं येतीन."

"मंग मी का करू? तुले असं पाहू?"

"दुसरी वेचणी होऊ द्या. घड्याळाच्या हिशेबानं करतो. वेचणी होयेपर्यंत एक दिवस जरी खाटंवर पडली, तं मी सोता उत्तमसिंगले निरोप धाडीन."

मारोतराव कबूल झाले. ती हळूहळू एका कुशीवर वळली, हाताच्या रेट्यानं उठून बसली, मला फळीवरून घेतलं आणि वाटीतला कापूस चिमटीनं ओढून काढला. मी ठरवून टाकलं की आता जे ओरडायचं ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं.

दुसरी वेचणी अकरा दिवस चालली. पहिल्या दिवशी मी ओरडलो तशी अख्खी टोळी हसली. "आली बाप्पा राणीसायबाची सुट्टी!" विमलताई म्हणाली. इंदूबाईचे कान लाल झाले. पण ती आली, निंबाखाली आडवी झाली, गुडघे वर घेतले आणि आभाळाकडे पाहत दहा मिनिटं काढली. मग उठली. मग मी पुन्हा ओरडलो, ती पुन्हा आली. ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, असाही तिनं नेम धरला. दिवसाचा कापूस सोळा-सतरा किलो. बायांच्या निम्मा. पण दुसऱ्या दिवशी ती वावरात, तिसऱ्या दिवशी वावरात, चौथ्याही दिवशी वावरात.

पाचव्या दिवशी एक गंमत झाली. मी ओरडलो आणि विमलताई खाली बसली. "काटा गेला वं पायात," ती म्हणाली आणि पाय चाचपू लागली. काटा काही दिसला नाही. दुपारी मी ओरडलो, तिला पुन्हा काटा. सहाव्या दिवशी चार वेळा काटा. एवढे काटे त्या वावरात नव्हतेच, मी शपथेवर सांगतो. आणि चाचपायची ती तळवा नाही, गुडघा.

सातव्या दिवशी इंदूबाईनं पडल्यापडल्याच विचारलं, "विमल, तुहा गुडघा दुखते ना?"

विमलताईनं इकडेतिकडे पाहिलं. "चार साल झाले."

"सांगतलं काहून नाई?"

"सांगून का होते? दुखते म्हनलं का लोकं म्हनतात, बुढी झाली, उद्यापासून नको येऊ. तुहं वावर हाय, तू निजू शकतं. आमी कोणाच्या धुऱ्यावर निजाव?"

इंदूबाई उठून बसली. हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, तिच्या तोंडावरच दिसलं. लाजली बिचारी. मग सरकली आणि निंबाच्या सावलीत जागा केली. "इथंच नीज. माह्या वावरात तुले कोणी काही म्हननार नाई. मजुरी तं किलोवर हाय तुही, कोणाचं का जाते?"

विमलताई आडवी झाली तेव्हा तिच्या तोंडून "माय वं!" असा सुस्कारा निघाला की मी टिकटिक चुकता चुकता राहिलो. त्यानंतर मी ओरडलो की निंबाखाली आधी तीन, मग पाच, मग सगळ्याच बाया. एकीची मान, एकीचा खांदा, एकीच्या टाचा. वीस-वीस वर्षं शेजारी शेजारी वेचलं या बायांनी, आणि कुणाचं काय दुखतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

अकरावा दिवस. शेवटचा. संध्याकाळी उत्तमसिंग उत्तर ऐकायला येणार होता.

सकाळी इंदूबाई शिदोरी बांधत होती. तेवढ्यात मारोतरावांनी मला उचललं. इतक्या दिवसांत या माणसानं मला हात लावला नव्हता. "आज आखरीचा दिवस हाय बेट्या," ते हळूच म्हणाले, "दम कमी पडू देऊ नोको." आणि लागले किल्ली द्यायला. मला कळलं, हा माणूस आपल्या बायकोच्या बाजूनं आलाय. छाती फुगली माझी. पण किल्ली थांबेना! आणखी एक फेरा, आणखी एक. मी आतून घट्ट घट्ट होत गेलो. अहो, पुरे, पुरे!

कट्.

स्प्रिंग तुटली. काटे सात वाजायला पाच कमी, तिथेच थांबले. मारोतरावांनी मला हलवलं, कानाला लावलं, तळहातावर आपटून पाहिलं. चेहरा पडला त्यांचा. सांगायची हिंमत झाली नाही. गुपचूप पिशवीत, शिदोरीच्या बाजूला मला ठेवून ते बैलांकडे निघून गेले.

वावरात इंदूबाईनं मला बाहेर काढलं तेव्हा तिला कळलं. किल्ली फिरवली तर नुसतीच गरगरली. हातात धरून ती नुसती उभी राहिली. मग मला निंबाखाली ठेवलं आणि ओळ धरली.

आणि त्या दिवशी तिला बरं वाटत होतं! शेवटचा दिवस, कापूस पांढराशुभ्र फुटलेला, हात सरसर चाललेला. अर्धा तास झाला असेल, निंबाची सावली माझ्यावरून सरकत गेली, तिच्यावरून मला अंदाज आला. ती थांबली नाही. ओटी अर्ध्याच्या वर भरली, तरी थांबली नाही. कुणीतरी काहीतरी बोललं, ती खळखळून हसली आणि पुढच्या झाडाला हात घातला. मी पाहत होतो. अडतीस किलोवाला तोच दिवस पुन्हा यायला लागला होता. एके काळी ज्याला मी नको होतो त्याच्या कानात रोज ओरडलो, आणि आज एका बाईचं वावर माझ्या आवाजावर होतं, तर माझ्यातून टिक निघेना. एवढी लाज मला पेटीतसुद्धा वाटली नव्हती.

"टर्रर्रर्रर्र!"

मी दचकलो. मी नव्हतो!

विमलताई कमरेवर हात ठेवून उभी होती. मान वर, डोळे मिटलेले. "टर्रर्रर्रर्र! आयकू नाई येत का वं इंदे? घंटा झाली! चाल, नीज!"

इंदूबाई जागीच थांबली. "तुले कसं मालूम, येळ झाली म्हनून?"

"माही ओटी काठोकाठ आली का हे तुहं डबडं बोंबलते. दहा दिवसापासून पाहून राह्यली. चाल आता, माह्याही गुडघ्याची येळ झाली."

डबडं! दुसरी कोणी म्हणाली असती तर मी आयुष्यभर बोललो नसतो. पण तिला सगळं माफ. त्या दिवशी विमलताई बारा वेळा ओरडली आणि दर वेळी माझ्यापेक्षा चांगली ओरडली.

उन्हं उतरली तेव्हा मारोतराव उत्तमसिंगला घेऊन धुऱ्यावर आले. वावर वेचून झालं होतं. शेवटची घंटा नुकतीच झालेली, नऊ बाया ओळीनं गुडघे वर करून निजलेल्या. उत्तमसिंग थबकला.

"राम राम भाऊ. काय झालं? बायांची तब्येत खराब झाली का?"

मारोतरावांनी इंदूबाईकडे पाहिलं. ती एका कुशीवर वळली, हाताच्या रेट्यानं बसली आणि कुणाचा हात न धरता उभी राहिली. अकरावा दिवस होता आणि ती उभी होती.

"काही नाई झालं," मारोतराव म्हणाले. "दहा मिनिटं हायेत. आमच्या वावरात असंच काम होते." मग घसा खाकरून, "आन् उत्तमसिंगभाऊ, वावर द्याचं नाई हाय मले. तुमाले फुकटची चक्कर पडली, माफ करा."

उत्तमसिंग भला माणूस. हसला, चहा पिऊन जाईन म्हणाला. तो पुढे गेला तसे मारोतराव बायकोजवळ आले. "घड्याळ माह्याच्यानं तुटलं वं."

"मालूम हाय. सकाऊन बैलापाशी तोंड पाडून बसले होते तुमी."

तर अशी माझी कहाणी. मारेगावच्या घड्याळवाल्यानं मला उघडून पाहिलं आणि ही स्प्रिंग आता मिळत नाही म्हणून मान हलवली. अमरनं नवं बॅटरीचं घड्याळ आणून दिलं. ते पीप पीप करतं. पीप झालं की आधी विमलताई "टर्रर्र" म्हणते, मगच बाया बसतात. मी अजून पिशवीतून वावरात जातो. कायले नेता, असं कोणी विचारत नाही.

इंदूबाईचं दुखणं गेलं, असं मात्र समजू नका. ढगाळ दिवशी ती अजूनही दात आवळते. मधे लग्नघरी एकदा घंटा विसरली आणि तीन दिवस पडली. चौथ्या दिवशी वावरात आली.

मी आता बंद पडलोय, पण एक सांगायचं राहिलंय, तेवढं ऐका. तुमच्या घरात, वावरात, हाफिसात कोणी काम करता करता मधेच खाली बसलं, चेहरा चांगला हसरा असला, कुठे काही दुखत असल्याचं दिसत नसलं, तर "बसली काहून?" असं विचारू नका. थोडं सरका. सावलीत जागा करून द्या.